फुलवाल्याची गाडी

यंदाच्या गणपतीत शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये आमची पांढरी गाडी उभी होती आणि आरती संपल्यावर प्रसादाच्या रांगेपेक्षा मोठी रांग तिच्या दाराशी लागली. कुणी आत डोकावून "अय्या, सिंकसुद्धा!" म्हणालं, कुणी छताला लावलेल्या हुकाकडे बोट दाखवून "हा झोपाळ्याचा का?" असं विचारलं. झोपाळ्याचा नव्हे, हे मी सांगितलं, पण पुढचं सांगायला त्या गर्दीत सवड नव्हती. नंतर संपादक मंडळातल्या एका उत्साही मुलीचा (तिला मुलगी म्हणते, तिची मुलं कॉलेजात आहेत) फोन आला: "मावशी, तुम्ही हे लिहाच." म्हणून हा लेख. एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लावायची सवय आहे. सांभाळून घ्या.

मला मधुमेह वयाच्या चाळिशीपासून. २०२१ च्या वसंतात किडन्यांनी जवळजवळ काम थांबवलं आणि डायलिसिस सुरू करावं लागलं. डायलिसिस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आठवड्यातून तीनदा केंद्रात जाऊन खुर्चीत बसायचं, शेजारी यंत्र, दंडात सुया, असं चित्र येतं. माझं तसं नाही. मी पोटाचं डायलिसिस निवडलं. पोटाच्या आतल्या अस्तराचाच इथे गाळणीसारखा उपयोग होतो. बेंबीच्या बाजूला एक मऊ नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार-पाच तास तो तिथे राहू द्यायचा, मग काढून टाकायचा आणि नवा भरायचा. यंत्र नाही, सुई नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. पिशवी वर टांगली की द्रव आत येतो, रिकामी पिशवी जमिनीवर ठेवली की बाहेर जातो. रात्रभर हे काम आपोआप करणारं यंत्रही मिळतं, पण माझी झोप सावध, त्याच्या घुरघुरीने मी जागीच राहते. म्हणून मी हातानेच करते. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच आणि रात्री दहा. दर खेपेला अर्धा-पाऊण तास. आमचे हे त्याला 'चार आरत्या' म्हणतात.

हे सगळं सोपं वाटेल, आणि एका अर्थी आहेही. अवघड आहे ती स्वच्छता. नळीचं तोंड आणि पिशवीच्या नळीचं तोंड जोडताना दोन-चार सेकंद दोन्ही उघडी असतात. त्या वेळी टोकाला बोट लागलं, धूळ बसली, तर जंतू थेट पोटात. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, आणि साबणाने हात धुणं असं की सर्जनने शिकावं. हात धुतल्यावर कशालाही शिवायचं नाही. सांगलीला आमची आजी सोवळ्यात असताना आम्ही मुलं मुद्दाम तिच्या जवळून पळायचो. "शिवू नका रे मेल्यांनो!" म्हणून ती ओरडायची. बी.एस्सी. ला गेल्यावर मी तिला जंतुशास्त्र समजावून सांगितलं होतं आणि तिचं सोवळं कसं अशास्त्रीय आहे हे पटवायचा प्रयत्न केला होता. तिच्या सोवळ्यात माणसांना कमी लेखण्याचा जो भाग होता त्याबद्दल माझं मत आजही बदललेलं नाही. पण धुतलेले दोन्ही हात छातीशी धरून, कोपराने दिवा लावत मी घरात फिरते तेव्हा ती मला दिसते खरी.

पहिलं दीड वर्ष मी घरातून हलले नाही. एकदा शिकागोला मुलीकडे जाऊन आलो, तेही धावत. एकदा मोटेलमध्ये राहून पाहिलं. खोलीत गालिचा, खिडकीखालचं एसी यंत्र थेट अंगावर वारा टाकणारं, पिशवी टांगायला पडद्याच्या दांडीखेरीज काही नाही, आणि खोकी जिना चढवताना यांची पाठ धरली. शिवाय दुपारी बाराची आरती रस्त्यातच येते. हायवेवरच्या विश्रांतिस्थळाच्या स्वच्छतागृहात हे काम करायचं नसतं, एवढं सांगितलं तरी पुरे. मग मी घरीच बसायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे, कुणाला तसं सांगितलं नाही. नुसती बसले. अंगणातली बाग, खिडकीतून दिसणारा मेपल, संध्याकाळी मराठी मालिका. मालिका बघायला लागले तेव्हा हे घाबरले.

आमचे हे मोटार कंपनीत चौतीस वर्षं सीट विभागात होते. माणूस कसा बसतो, त्याची पाठ कुठे टेकते, गुडघा कुठे येतो, याचा एवढा विचार केलेला दुसरा मराठी माणूस तुम्हाला भेटणार नाही. २०२२ च्या मे महिन्यात त्यांनी मला न विचारता एक जुनी मालवाहू व्हॅन आणून दारात उभी केली. रॅम प्रोमास्टर, उंच छताची, एक लाख दहा हजार मैल पळालेली. आधीचा मालक फुलवाला होता. दार उघडलं तर आत निलगिरीच्या पानांचा आणि कार्नेशनचा शिळा वास. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "तुझी खोली. हिला चाकं आहेत."

ही गाडी निवडायचं कारण त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे खालून मागपर्यंत जाणारा दांडा नाही आणि जमीन बरीच खाली आहे. चढायला सोपी. आत मी काय, हेसुद्धा ताठ उभे राहू शकतात. आणि बाजू जवळजवळ सरळ उभ्या असल्यामुळे पलंग आडवा टाकता येतो. लांबी वाचते.

सगळा उन्हाळा गॅरेजमध्ये गेला. आधी जमिनीवर चिकटपट्टीने गाडीचा आराखडा काढला आणि मला त्यात उभं केलं. "समज, हात धुतलेत. आता पिशवी कुठे?" मी हवेत हात करायचे आणि हे तिथे पेन्सिलने खूण करायचे. हुकाची उंची ठरवायला तळघरात तीन संध्याकाळी प्रयोग झाले: कुठल्या उंचीवरून दोन लिटर किती मिनिटांत उतरतात, घड्याळ लावून. माझ्या पीएच.डी. ला एवढी काटेकोर निरीक्षणं नव्हती.

पुढची उतारूची सीट त्यांनी फिरती केली. गाडी थांबली की ती मागे वळते आणि तीच माझी डायलिसिसची खुर्ची होते. ही सीट मुळातच उंच. द्रव बाहेर काढायला ते फार चांगलं, कारण पोट आणि जमीन यांत जितकं अंतर जास्त तितका प्रवाह बरा. पण मी पाच फूट उंचीची, पाय लोंबकळायला लागले. त्यावर त्यांनी पायाखाली एक चौरंग केला आणि चौरंगापुढे स्टीलचं पसरट ताट ठेवलं, रिकामी पिशवी त्यात राहते. सांडलं तर ताटात.

हात धुण्याला नळ आहे, पण तोटी नाही. पायाने दाबायचा पंप आहे, छोट्या शिडाच्या बोटींवर असतो तसला. नळाला हात लागत नाही, हे महत्त्वाचं. सात गॅलनचा पाण्याचा डबा खाली, सांडपाण्याचा दुसरा. तिसरा झाकणाचा डबा पोटातून निघालेल्या द्रवासाठी. दिवसाला नऊ लिटरच्या आसपास निघतो आणि तो कॅम्पिंगच्या जागी शौचालयात ओतून टाकायचा. सुरुवातीला आम्ही तो गाडीतल्या लहान शौचपेटीतच ओतणार होतो, पण हिशेब केला तर ती दोन दिवसांत तुडुंब.

भिंतींवरून आमचं खरं भांडण झालं. यांना आतून देवदाराच्या पट्ट्या हव्या होत्या. मासिकांत असतात तशा, सुंदर. मी म्हटलं, लाकडाला फटी, फटीत धूळ, धुळीत काय असतं ते मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय. दोन दिवस अबोला. शेवटी पांढरे गुळगुळीत पत्रे आले, खाली एकसंध व्हिनाइल, ओल्या फडक्याने पुसून घेता येईल असं सगळं. गालिचा नाही, उशांचे ढीग नाहीत. छताचा तेवढा एक चौकोन मी देवदाराचा करू दिला. पलंगावर आडवं झालं की बरोबर डोळ्यांसमोर येतो.

विजेचं गणित मी केलं. ते यांना पटत नव्हतं, म्हणून इथे देते. पिशवी अंगाच्या तापमानाला आणावी लागते. थंड द्रव पोटात गेला की पेटके येतात. ती कोरड्या उष्णतेनेच गरम करायची, पाण्यात बुडवायची नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. दोन लिटर पाणी २० अंशांवरून ३७ अंश सेल्सिअसवर न्यायला ३४ किलोकॅलरी लागतात, म्हणजे सुमारे ४० वॅट-तास. चार पिशव्यांना १६०. गरम करायच्या गादीतून निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं तरी ३००-३२५. इन्सुलिन आणि जेवणासाठी छोटा फ्रीज, त्याला ४०० धरा. दिवे, पंखा, फोन मिळून दीडशे. एकूण नऊशेच्या आत. आमची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्ट आणि २०० अँपिअर-तासांची, म्हणजे २५६० वॅट-तास. गाडी न हलवता दोन दिवस निर्धास्त. गाडी चालते तेव्हा इंजिनावर ती चार्ज होते, आणि छतावर दोनशे वॅटचा सोलर पॅनल आहे. झाडांखाली गाडी लावली की त्याचा फारसा उपयोग नाही, आणि मी तर गाडी झाडांखालीच लावायला सांगते. ही बॅटरी गोठणबिंदूच्या खाली चार्ज करायची नसते. पिशव्याही गोठू द्यायच्या नसतात. मिशिगनमध्ये राहून हे म्हणजे ऑक्टोबर संपला की गाडी बंद, असंच.

वजनाचंही सांगते. सहा दिवसांच्या चोवीस पिशव्या, वर एका दिवसाच्या चार जास्तीच्या. पाणीच छप्पन्न किलो, वेष्टनं धरून साठच्या वर. ती पलंगाखाली, मागच्या चाकांच्या मधोमध, जाड फोमच्या पेटीत पट्ट्यांनी आवळून बांधलेली असतात. फोम यासाठी, की उन्हात उभी असलेली गाडी भट्टी होते आणि पिशव्यांना खोलीचंच तापमान लागतं. लांबच्या प्रवासाला पुरेसं आधी कळवलं तर पुरवठादार मुक्कामावर खोकी पोचवतात. आम्ही अजून तेवढं लांब गेलो नाही.

पहिली सफर सप्टेंबर २०२२ मध्ये, दोन रात्रींची, ग्रेलिंगजवळच्या हार्टविक पाइन्सला. जुन्या पांढऱ्या पाइनचं जे थोडं मूळ जंगल तोडीतून वाचलं, ते तिथे आहे. सगळं सुरळीत झालं. दुपारची आरती गाडीत बसून, समोर काचेतून ते उंच बुंधे. मी रडले, हे म्हणाले, "पिशवी गरम कमी झाली का?"

आता जे गणपतीच्या दिवशी सांगता आलं नाही ते.

जुलै २०२३ मध्ये आम्ही मॅकिनॉचा पूल ओलांडून वरच्या द्वीपकल्पात गेलो. टाक्वामेनॉनचा धबधबा मला पुन्हा पाहायचा होता. त्याचं पाणी चहासारखं तांबूस. वरच्या दलदलींतल्या सीडर वगैरे झाडांतलं टॅनिन त्यात उतरतं. विद्यार्थ्यांना घेऊन मी तिथे कितीदा तरी गेले होते. त्या दिवशी भयंकर उकाडा. पाचची आरती पार्किंग लॉटमध्येच. हे बाहेर बाकावर बसले होते, कारण ती वेळ माझी एकटीची असते, मलाच तसं हवं असायचं. मी पंखा चालू ठेवला. मास्कही जरा खालीच होता. आणि जोडताना मला क्षणभर वाटलं की बोट टोकाला लागलं.

'वाटलं' म्हणते, कारण मला कळलं नाही. मधुमेहाने माझ्या बोटांच्या टोकांची संवेदना गेली काही वर्षं कमी होते आहे. शर्टाची बटणं लावताना ते जाणवायचं, भाजी चिरताना जाणवायचं, पण ते मी कुणाला बोलले नव्हते. अशा वेळी काय करायचं हे नर्सने शिकवलेलं आहे: तिथेच थांबायचं, नळी बंद करायची, फोन करायचा. मला ते सगळं पाठ होतं. फोनला सिग्नल नव्हता. सिग्नल मिळेपर्यंत गाडी न्यायची, सफर तिथेच संपवायची, यांना सांगायचं की माझ्या बोटांना कळत नाही. त्याऐवजी मी जोडलं आणि भरलं. बाहेर येऊन म्हटलं, "चला, धबधबा बघू."

बाहेर काढलेला द्रव रोज तपासायचा असतो. पिशवीखाली छापील कागद धरायचा आणि अक्षरं वाचता येतात का बघायचं. आली, तर द्रव स्वच्छ. गाडीत या कामासाठी आपल्याच मंडळाचा दिवाळी अंक ठेवलेला आहे. पान ठरलेलं: इंग्रजी विभागातला एका आठवीतल्या मुलाचा निबंध, 'माझी आजी आणि तिचा आयपॅड'. तो मी शेकडो वेळा द्रवातून वाचलाय. पाठ आहे.

दोन दिवसांनी आम्ही सुपीरिअरच्या काठी, ट्वेल्व्हमाइल बीचला होतो. सकाळी सातला पिशवी पानावर ठेवली आणि आजी दिसेना. तांदळाच्या धुवणासारखं पाणी. पोटात रात्रीपासून दुखत होतं, ते मी आदल्या दिवशीच्या भुट्ट्यावर ढकललं होतं. यांना हाक मारली. त्यांनी पिशवी पाहिली, काही बोलले नाहीत, दहा मिनिटांत गाडी बाहेर काढली. ती पिशवी आम्ही जपून बरोबर घेतली, कारण तपासणीला तीच लागते. मुख्य रस्त्याला लागल्यावर फोन लागला. नर्सने कुठे जायचं ते सांगितलं, तिकडे आधी कळवलं. निघायच्या आधी आम्ही तिच्याबरोबर नकाशावर पोटाच्या डायलिसिसची सोय असलेली रुग्णालयं खुणावून ठेवली होती, ही एक गोष्ट आम्ही बरोबर केली होती. दीड तासाचा रस्ता. हे एरवी रस्ताभर बोलतात, त्या दिवशी फक्त दर दहा मिनिटांनी "किती दुखतंय?" आणि मी म्हणायचे, "तेवढंच."

तीन दिवस तिथे राहिले. प्रतिजैविकं शिरेतून नव्हे, त्याच डायलिसिसच्या पिशवीत मिसळून पोटात देतात. घरी आल्यावरही दोन आठवडे ती चालू होती. नळी वाचली. ती काढावी लागली असती तर मला केंद्रातल्या खुर्चीत जावं लागलं असतं.

मुलगी शिकागोहून आली ती धुमसत. "आई, तुला घरी बसायला काय होतं?" नंतर रात्री स्वयंपाकघरात, भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझी किडनी घे. मी चौकशी केलीय." मी नाही म्हटलं. ती शेहेचाळीसची. तिच्या दोन्हीकडच्या आज्यांना मधुमेह, मला मधुमेह. तिच्या दोन्ही किडन्या तिला लागणार आहेत. ती म्हणाली, हे ठरवणारे डॉक्टर आहेत, तू नाहीस. मी म्हटलं, घेणारी मी आहे. आम्ही दोघीही हट्टी. तो विषय तिथे थांबलाय, संपला आहे असं म्हणवत नाही.

इकडे यांनी गाडीतली वायरिंग उकललेली. पंखा चालू राहिला म्हणून हे झालं, अशी त्यांची खात्री. त्यांनी एक रिले बसवला: हुकावरचा दिवा लावला की पंखा आपोआप बंद होतो. दिवा मालवल्याखेरीज तो चालूच होत नाही. चार दिवस खपले. मी पलंगावर बसून बघत होते. तपासणीचा निकाल तोवर आला होता आणि मी तो त्यांना नीट समजावला नव्हता. सापडलेला जंतू माणसाच्या त्वचेवर नेहमी असतो तो. पंख्याच्या धुळीपेक्षा बोटाकडे दाखवणारा. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेला एवढं कळायला कुणाची गरज नव्हती.

ऑगस्टमध्ये एका रात्री दहाच्या आरतीला मी त्यांना सांगितलं. बोटांचं, धबधब्याचं, सिग्नलचं, सगळं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "म्हणजे रिले फुकट गेला." आणि मग बराच वेळ माझी बोटं एकेक करून दाबून बघत राहिले, "हे कळतंय? हे?" सीटचा फोम तपासावा तसं.

तेव्हापासून जोडणीच्या वेळी ते समोर बसतात. मला ते सुरुवातीला फार जड गेलं. एकतीस वर्षं वर्गात कुणी माझ्या हाताकडे बघून सूचना दिल्या नव्हत्या. त्यांनी कोपरं टेकायला एक फळी केली, सीटच्या दोन्ही हातांवर आडवी बसणारी. तिला दोन खाचा. एका खाचेत माझी नळी, दुसरीत पिशवीची, दोन्ही हलत नाहीत. दिवा थेट खाचांवर. मी जोडते, हे पाऊलवार मोठ्याने म्हणतात: क्लँप बंद, टोपण काढ, जोड, फिरव. नर्सला ही फळी दाखवली तेव्हा तिने ती उलटसुलट करून पाहिली, रोज पुसायची अट घातली आणि फोटो काढून घेतला. टोकाला काहीही लागल्यासारखं 'वाटलं' तरी थांबायचं आणि सिग्नल असेल तिथे जायचं, हा आता गाडीचा कायदा आहे. गेल्या सप्टेंबरात एकदा तो पाळला. सफर अर्ध्यात सोडली, नळीचा पुढचा तुकडा बदलून घेतला, काही झालं नाही. रिले मी काढू दिला नाही. तो खट् आवाज करतो, तो मला आवडतो.

मुलीला ती फळी व्हिडिओवर दाखवली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने गाडीसाठी उपग्रहावरून संदेश पाठवायचं छोटं यंत्र मागवून पाठवलं. चिठ्ठी नव्हती.

या वर्षी मे महिन्याच्या शेवटी आम्ही रॉजर्स सिटीच्या बाजूला गेलो, ह्यूरॉन सरोवराच्या काठी. तिथे बुटका आयरिस फुलतो, मिशिगनचं राज्य रानफूल. जेमतेम बोटभर-चार बोटं उंच, निळा, आणि जगात फक्त या महासरोवरांच्या काठी वाढणारा. थॉमस नटॉल याने १८१० साली तो मॅकिनॉ बेटावर पाहिला, तेव्हापासून शास्त्राला माहीत. आमच्या सह्याद्रीतली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरते आणि इथल्या वाळूच्या टेकड्यांवरचं पिचरचं काटेफूलही वर्षानुवर्षं थांबून एकदाच फुलतं आणि मरतं, या जोडीवर मी दरवर्षी एक तास घेत असे. आयरिस मात्र दर वसंतात येतो, जमिनीखालच्या खोडातून पसरत. या फुलाकडे वाकूनच बघावं लागतं, खरं म्हणजे पालथं पडून. पोटात दोन लिटर असताना पालथं पडता येत नाही. वाकलं तरी श्वास लागतो.

बाराची आरती आटोपून आम्ही हळूहळू चालत गेलो. सीडरच्या झाडांखाली, पाइनच्या सुयांमध्ये निळे ठिपके पसरलेले. मी फोल्डिंग खुर्चीत बसले आणि माझं जुनं भिंग यांच्या हातात दिलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा माणूस जमिनीवर पालथा पडला, भिंग डोळ्याला लावलं.

"काय दिसतंय?"

"निळं आहे."

"ते मला इथूनही दिसतंय. पाकळीवर काय आहे?"

"पिवळी दाढी आहे बघ."

"दाढी नाही हो, तो तुरा. दाढीवाले आयरिस वेगळे. केस आहेत का उंचवटे आहेत, नीट बघा."

बराच वेळ शांतता. जाणाऱ्या एका बाईने थांबून विचारलं, ते ठीक आहेत ना. मी म्हटलं, ठीक आहेत, त्यांची प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहे.

"उंचवटे," हे खालून म्हणाले. "पिवळे, कडेला पांढरे. आता मला उठव."

त्यांना उठवायला ती बाई आणि मी, दोघी लागलो.

संपादकांना एक विनंती. यंदा अंकाचा टाइप मोठा करणार असं ऐकलं. मराठी विभागाचा जरूर करा, आमच्या वयाच्या वाचकांची सोय होईल. इंग्रजीचा मात्र बारीकच राहू द्या. आजी आणि आयपॅडचं पान आता भिजून भिजून फाटत आलंय, नवीन पान शोधावं लागणार आहे.